पूर आला तर साबुदाणा आहे

गडचांदूरच्या एखाद्या भाविक घरात जाऊन ‘तुमच्याकडे तीन दिवस पुरेल एवढं खायला आहे का?’ असं विचारायची सोय नाही. घरची बाई आधी तुमच्याकडे पाहते, मग माळ्यावरच्या पिंपांकडे, आणि शेवटी शांतपणे विचारते, ‘कोणते तीन दिवस? जेवणाचे का उपासाचे?’ अशा घरात किराणा दोन असतात, एक माणसांचा आणि एक देवाचा. माणसांचा संपत आला तर ‘बघू, बाजाराच्या दिवशी’ असं म्हणून भागतं. देवाचा संपत आला तर घरातल्या पुरुषमाणसाला भर मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता किराण्याला पिटाळलं जातं.

प्रश्न सुचायचं कारण एक पिशवी. हल्ली पावसाळ्याच्या तोंडावर तिची फार चर्चा असते. संकट आलं तर मदत पोहोचायला तीन दिवस लागू शकतात, तेवढे बहात्तर तास घराने आपलं आपण निभावावं, म्हणून पिण्याचं पाणी, कोरडा खाऊ, बॅटरी, शिट्टी, औषधं आणि कागदपत्रं एका पिशवीत भरून दाराशी तयार ठेवायची. कल्पना उत्तमच आहे. अडचण एवढीच, की आमच्याकडे दाराशी भरलेली पिशवी दिसली की ती दळणाची आहे असं समजून कोणीतरी गिरणीत नेऊन ठेवतं.

निभावायची वेळ येते, हे मात्र खरं. आमचं गाव कोरपना तालुक्यातलं, चुनखडीच्या थरावर बसलेलं, एका अंगाला माणिकगडाचा डोंगर. चंद्रपूरला जायचे दोन मुख्य रस्ते, एक राजुरा-बल्लारपूरवरून आणि दुसरा भोयगाववरून. दोन्ही रस्ते वर्धा नदी ओलांडतात, आणि एखाद्या जुलै-ऑगस्टात वर्धा नदी दोन्ही रस्ते ओलांडते. मागे जिवतीचे डोंगर, त्यापलीकडे तेलंगणा. बाकीच्या जगाला बेट व्हायला समुद्र लागतो, आम्हाला दोन पूल पुरतात.

त्यात हा राजुऱ्याकडचा पट्टा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि नदीपलीकडचं चंद्रपूर इंग्रजांकडे. म्हणजे नदी ओलांडली की परमुलूख, मध्ये करोडगिरीचा नाका. मनात आलं की जाऊन पावशेर काही आणावं, असला प्रकार आमच्या आज्या-पणज्यांना ठाऊकच नव्हता. वर्षाचं एकदाच भरून ठेवायची खोड कदाचित तिथूनही लागली असेल. पण संकटाच्या भीतीने कोणी धान्य भरलं, असं या गावात पाहायला मिळत नाही. इथे सगळं भरलं जातं ते देवाच्या तारखांसाठी. संकट येतं ते मध्येच, आगंतुक, आणि त्याला जेवायला घालायचं ते देवाच्या वाट्यातून. हीच आमची आपत्ती व्यवस्थापनाची पद्धत. तिची कुठे नोंद नाही, कारण तिच्याकडे पाहून कोणालाही हे आपत्ती व्यवस्थापन आहे असं वाटत नाही.

सुरुवात उन्हाळ्यात होते. चंद्रपूर जिल्ह्याचं ऊन देशात नावाजलेलं. पारा ४६-४७ वर गेला की टीव्हीवाले आमच्या जिल्ह्याचं नाव घेतात आणि घरातल्या बायका सोलापूरहून मागवल्यासारख्या चादरी काढून गच्चीवर पसरतात. बाहेरचे ज्याला उष्णतेची लाट म्हणतात, ते इथे वाळवणाचं हवामान. गव्हाच्या चिकाच्या कुरडया, तांदळाचे पापड, ज्वारीच्या पापड्या, मुगाच्या वड्या, कोहळ्याच्या वड्या, शेवया, आणि बारीक काडीवर कणकेची वळी गुंडाळून केलेले सरगुंडे. आमरसाबरोबर सरगुंडे खाल्ले नाहीत, त्याने विदर्भात उन्हाळा काढला असं म्हणू नये, तो फक्त उन्हात होता. आज एका घरी कुरडया, उद्या दुसऱ्या घरी पापड, असा आळीपाळीने सगळा मोहल्ला एकमेकींच्या अंगणात. पोरांना कावळे हाकायला बसवायचं. कावळ्यांपेक्षा पोरंच ओल्या पापड्या जास्त खातात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाण्यात तेवढं जास्तीचं धरलेलं असतं.

आमच्या गावाला आणखी एक देणगी आहे, ती धुळीची. परिसरात सिमेंटचे कारखाने एकाहून अधिक, चुनखडीच्या खाणी आणि ट्रकांची रांग वेगळीच. त्यामुळे कुठली धूळ कोणाची हे पापडालाही सांगता येत नाही. वाळवणावर म्हणून पातळ धोतराचं किंवा जुन्या साडीचं आच्छादन घालतात. तरीही पुण्याकडचे पाहुणे म्हणतातच की तुमच्याकडच्या पापडाला एक वेगळाच दम असतो. आम्ही ‘पाण्याचा गुण’ असं म्हणून विषय बदलतो.

वाळवण झालं की भरणं सुरू. गहू उन्हात तापवून, कडुनिंबाचा पाला घालून पिंपात. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायचं, तांदळाला बोरिक पावडर, कडधान्यात राख. लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी. गावाकडच्या घरात अजून बांबूच्या ढोल्या आणि शेणाने लिंपलेल्या कणग्या आहेत, फ्लॅटमध्ये त्यांची जागा दिवाणाच्या पोटाने घेतली आहे. आमच्याकडे पाहुणा दिवाणावर बसतो तेव्हा त्याच्याखाली निदान दोन पोती गहू असतो. त्यामुळे अडल्या वेळेला पाहुण्यांना उठा म्हणावं लागतं.

हे सगळं भरताना एक नियम कटाक्षाने पाळला जातो, तो सव्वाचा. देवाचं काहीही मोजून-मापून नेमकं करायचं नाही. सत्यनारायणाला रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा. पूजेच्या पसाऱ्यातला खारीक-बदामही त्याच हिशेबाने. अभियंते लोक पूल बांधताना भार धरतात त्याहून जास्त ताकद ठेवतात, त्याला त्यांच्या पुस्तकात मोठं नाव आहे. आमच्या बायकांनी शंभराला पंचवीस जादा हा गुणक कधीच नक्की केला आणि त्यावर उदबत्ती लावली. शिवाय तांदळाचा डबा कधी पालथा करायचा नाही, तळाशी मूठभर दाणे ठेवूनच नवा माल ओतायचा. डबा पुरता रिकामा होणं म्हणजे अन्नपूर्णा रुसणं. कंपन्या याच मुठीसाठी गोदामात संगणक बसवतात. आणि जिची मर्जी राखायची ती अन्नपूर्णा स्वतः देवघरात एका वाटीतल्या तांदळात बसलेली असते. लग्नात माहेरहून आलेली, सासरच्या सगळ्या भांडणांची साक्षीदार. ती वाटी म्हणजे घरातली सगळ्यात लहान शिधाकोठी. ती आजवर कोणी उघडलेली नाही, पण ती आहे म्हणून बाकीची भरलेली राहते.

साठ्याच्या विषयातली खरी डोकेदुखी भरण्यात नसून फिरवण्यात आहे. भरून कोणीही ठेवेल. जुनं आधी संपवून नवं आत घालायचं, यात भले भले हरतात. हौसेने संकटाची पिशवी भरणाऱ्याची बिस्किटं दोन वर्षांनी खुळखुळतात. आमच्याकडे ही जबाबदारी पंचांगावर सोपवलेली आहे आणि पंचांग रजा घेत नाही. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. दोन दिवसांनी चातुर्मास लागणार, मग कांदा-लसूण-वांगं बंद, म्हणून घरात आहे तेवढा कांदा भज्यांत, थालीपिठात, झुणक्यात घालून फस्त करायचा. पावसाळ्यात कांदा कुजतो, हे कोणी सांगत नाही. सांगितलं असतं तर कोणी ऐकलंही नसतं. पुण्य लागतं म्हटल्यावर गाव एका दिवसात पोती रिकामी करतं. वांगं परत सुरू होतं चंपाषष्ठीला, भरीत होऊन. होळीला पुरणात जुनी हरभरा डाळ जाते, अक्षय तृतीयेला पितरांच्या पानावर चिंचवण्याबरोबर कुरडया जातात, पोळ्याला पुन्हा पुरण, महालक्ष्म्यांना सोळा भाज्या, पितृपक्षात तर घरातलं एकही कडधान्य कावळ्याच्या नजरेतून सुटत नाही. कोणत्याही डब्याला तीन महिन्यांहून जास्त विश्रांती नाही. आणि एवढं करूनही हिशेब चुकलाच तर पंचांगाने दर अडीच-पावणेतीन वर्षांनी एक आख्खा महिना जादा काढून ठेवला आहे. जगातल्या बाकी लोकांनी धान्य साठवलं, आम्ही अधिक महिना साठवला. त्यात जावयाला तेहतीस अनारसे देऊन साठा परत शून्यावर आणायची व्यवस्थाही आहे.

या व्यवस्थेत एक तरुण सुधारणा करायला गेला होता, आमच्या शेजारच्या काकूंचा भाचा. अभियंता, पुण्याला नोकरीला, सुट्टीत आलेला. त्याने मोबाइलवर एक तक्ता केला, कोणत्या डब्यात काय, किती, कधी भरलं, कधी संपेल. अडचण अशी झाली, की काकूंच्या घरी डब्यावर जे छापलेलं असतं ते आत नसतं, हा त्या घरचा पाया आहे. बिस्किटांच्या डब्यात भगर, भगरीच्या बरणीत सुपारी, तुपाच्या डब्यात शिवणकामाच्या सुया, आणि ‘चहा’ असं कोरलेल्या स्टीलच्या डब्यात लग्नातले चांदीचे शिक्के. पोराने दिवसभर बसून चिठ्ठ्या चिकटवल्या. रात्री मुंग्या निघाल्या म्हणून काकूंनी अर्धे डबे हलवले, आणि उरलेले अर्धे, पोराने इतक्या उघडपणे लिहून ठेवलं म्हणून. ‘अरे, नावं लिहून ठेवशील तं घरातल्या सगळ्याईले समजते नं बापा कुठं काय आहे!’ असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर तो तक्ता त्याने बहुधा नोकरीच्या मुलाखतीत वापरला असावा.

त्याच पोराने सुट्टी संपायच्या आत काकूंना अमेरिकेतल्या मॉर्मन लोकांची गोष्ट सांगितली. युटा राज्यातल्या या पंथात घरोघरी अन्न साठवून ठेवणं हा धर्माचाच भाग मानतात. १८४७ साली ही मंडळी गाड्या हाकत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचली, आणि पुढच्याच साली किड्यांच्या झुंडींनी त्यांचं उभं पीक खायला घेतलं. मग कुरव पक्ष्यांचे थवे आले आणि त्यांनी किडे खाऊन टाकले, असं ते श्रद्धेने सांगतात. त्या पक्ष्यांचं स्मारकही त्यांनी उभारलं आहे. १८७६ साली त्यांचे धर्मप्रमुख ब्रिगम यंग यांनी एमलिन वेल्स या बाईंवर काम सोपवलं, की आपल्या बायकांनी गहू साठवावा. बायकांनी शेतांमधला सरवा वेचण्यापासून सुरुवात केली, कोठारं बांधली, आणि १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, अमेरिकन सरकारने त्यांच्याकडून दोन लाख बुशेलांहून जास्त गहू विकत घेतला. म्हणजे साडेपाच हजार टनांच्या आसपास. बायकांनी वेचून-साठवून सरकारला गहू पुरवला, हे ऐकून काकू हरखल्या. ‘सरव्याचा गहू सरकारले इकला? पैसे भेटले का पण?’ भेटले म्हटल्यावर त्यांना तो पंथ एकदम पटला.

पुढे मात्र बिनसलं. तिथे वर्षानुवर्षं सांगत आले की घरात वर्षभराचं अन्न असावं. अलीकडे आधी तीन महिन्यांचं, मग जमेल तसं पुढचं, असं सांगतात. गहू आणि पांढरा तांदूळ हवाबंद डब्यात, आतला प्राणवायू शोषणारी पुडी टाकून नीट ठेवला तर तीस वर्षंही टिकतो. ‘तीस वर्षं?’ काकूंनी पदर तोंडाला लावला. ‘म्हणजे मी भरलेलं माझ्या सुनेच्या सुनेनं उघडायचं? अन् मंधात काहीच नाही का त्याईच्याकडे? पोळा नाही, महालक्ष्म्या नाही, कोणाचं बारसंही नाही?’ भाच्याकडे उत्तर नव्हतं. मलाही वाटतं, डबा तीस वर्षं टिकेल, पण ज्या घरात दुपारी चार वाजता शाळेतून पोरगं परत येतं त्या घरात तो डबा टिकवायला पुडी नव्हे, पोलीस लागतील.

उपासाच्या बाबतीत तर आमचं आणि त्यांचं पुरतं उलटं. ते महिन्यातून एकदा, बहुतेक पहिल्या रविवारी, दोन वेळचं जेवण सोडतात आणि त्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी चर्चमध्ये देतात. उपास म्हणजे बचत, हा विचार आमच्या आकलनापलीकडचा आहे. आमच्याकडे उपासाच्या दिवशी गॅस जास्त जळतो. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, शेंगदाण्याचं कूट, सैंधव, वेगळं तूप, वेगळी कढई. घरात जेवणारे चार असले तरी उपासाच्या दिवशी खाणारे सहा निघतात, कारण ज्यांचा उपास नाही तेही ‘थोडीशी खिचडी’ म्हणत ताट घेऊन येतात आणि नंतर जेवतातही. आणि या पवित्र ताटाची वंशावळ कोणी काढत नाही ते बरं. साबुदाणा होतो तो कसाव्याच्या कंदाचा, आणि भारतात त्याचा मोठा धंदा तामिळनाडूतल्या सेलमला. कसावा मुळातला दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची, रताळं तिकडचं. आपल्या वाडवडिलांनी अमेरिका कुठे आहे हे ठाऊक नसताना एकादशी कशी निभावली असेल, देव जाणे. युटाच्या बायका साठवत बसल्या तो गहू मात्र जुन्या जगातून तिकडे गेलेला. म्हणजे त्यांचं संकट आमच्याकडच्या धान्यावर आणि आमची एकादशी त्यांच्याकडच्या कंदावर. जागतिक व्यापाराचं यापेक्षा भाविक उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

परत त्या पिशवीकडे यायचं तर, तिची यादी हातात घेऊन एकदा कुठल्याही भाविक घरातल्या देवघरासमोर उभं राहून पाहावं. उजेडासाठी बॅटरी हवी, तर तिथे समई, निरांजन, तेलाचा कावळा, दोन काडेपेट्या आणि वाती. वाती किती, तर कोणीतरी लाख वातींचा संकल्प सोडलेला असतो, म्हणजे वीज मंडळाने अंधाराचा कितीही मोठा कार्यक्रम आखला तरी वाती पुरून उरतील. इशाऱ्यासाठी शिट्टी हवी, तर शंख आहे, घंटा आहे. शंख वाजवणारे आजोबा एका दमात तीन गल्ल्या उठवतात. कोरडा खाऊ, तर नैवेद्याची खडीसाखर, खारका, खोबरं, गूळ. पाणी कलशात, त्यावर नारळ, म्हणजे आणखी पाणी. जखमेला हळद, डासांना धूप आणि ऊद, सर्दीला कापूर. कागदपत्रं लागतील, तर ती देवघराच्याच खालच्या खणात, सातबारा, रेशनकार्ड आणि घरातल्या सगळ्यांच्या कुंडल्या एकाच प्लास्टिकच्या पिशवीत. अधिकारी पुरात कागद मागतील तेव्हा पहिली बाहेर निघेल ती धाकट्याची कुंडली, एवढंच. आणि एक वस्तू अशी आहे जी सरकारी यादीत नाही, ती म्हणजे काशीहून आणलेला, झाळून बंद केलेला तांब्याचा गडू. बहात्तर तासांत निभावलं नाही तर पुढे काय, याचीही तयारी देवघरात पूर्ण असते.

देव आणि कोठार यांची ही सोयरीक काही एकट्या गडचांदूरची नाही. पन्हाळ्यावरच्या अंबरखान्यात धान्याची तीन कोठारं आहेत, पंचवीस हजार खंडी धान्य त्यात मावायचं असं सांगतात. नावं काय, तर गंगा, यमुना, सरस्वती. वेढ्यात अडकायच्या तयारीलाही नाव नदीचं, तेही तीर्थाचं. आमच्या मागच्या डोंगरातले गोंड आणि कोलाम तर याबाबतीत आमच्याही पुढे. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये वेचून वाळवून ठेवायची, पावसाळ्यात घरातलं धान्य आटलं की तीच शिजवायची. पण नवं फळ, नवं धान्य आधी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. कच्ची कैरी पोरांनी झोडपून खाऊ नये म्हणून जगात कुंपणं घालतात, राखणदार ठेवतात. इथे देवाने नजर ठेवली की पुरतं. त्याच डोंगरात दुष्काळामुळे मराठवाडा सोडून आलेली कुटुंबंही आहेत. तिथल्या म्हाताऱ्यांना १९७२ चं नाव काढलं की रेशनवरची लाल मिलो ज्वारी आठवते आणि सुकडी आठवते. ती मिलोही अमेरिकेचीच. त्यांच्या घरात आजही भाकरीचा तुकडा टाकला तर पोराला जे ऐकावं लागतं ते इथे छापण्यासारखं नाही.

आणि साठ्याचा आमचा जो संत आहे, त्याची तर तऱ्हाच वेगळी. मंगळवेढ्याचे दामाजीपंत पंधराव्या शतकात बिदरच्या बहामनी राज्याचा तिथला कारभार पाहत. दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी कोठार उघडून धान्य वाटून टाकलं. सुलतानाने जाब विचारायला धरून आणवलं, आणि भाविकांच्या कथेत विठोबा विठू महाराचं रूप घेऊन बिदरला जाऊन धान्याची सगळी रक्कम भरून, पावती घेऊन आला. महिपतींनी ही कथा ‘भक्तविजया’त लिहिली आहे. कोठाराच्या इतिहासात शेकडो कारभाऱ्यांनी कोठारं चोख राखली असतील, दाणा न दाणा लिहून ठेवला असेल. त्यांच्यातल्या एकाचीही आरती कोणी लिहिली नाही. आम्ही संत केला तो कोठार रिकामं करणाऱ्याला. आणि देवाला हिशेब भरायला लावला, सव्वाने का बरोबर ते कथेत नाही.

त्यामुळे संकट प्रत्यक्षात येतं तेव्हा ही घरं कशी वागतात, ते पाहण्यासारखं असतं. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि देशभर लोक किराण्याच्या दुकानांकडे धावले. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. आमच्या मोहल्ल्यात पुरणाची डाळ निवडून झालेली होती, साखरेच्या गाठ्या आलेल्या होत्या, आणि पुढे रामनवमी म्हणून सुंठवड्याचं सामानही. मारामारी झाली ती फक्त एका वस्तूसाठी, ती म्हणजे तंबाखू. तिची बेगमी कोणत्याही व्रतात सांगितलेली नाही.

खरी परीक्षा २०२२ च्या जुलैची. दहा तारखेला आषाढी एकादशी होती. आठ तारखेला कांदेनवमी, म्हणजे गावाने कांदा वाजतगाजत संपवलेला. एकादशीच्या नावाने साबुदाणा मात्र सव्वाच्या हिशेबाने आणून, दिवसभर खाऊनही डब्यांत उरलेला. आणि त्याच आठवड्यात पावसाने जोर धरला. महिन्याच्या मध्याला वर्धा आणि इरई नद्या फुगल्या, चंद्रपूर शहराच्या खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, राजुरा-बल्लारपूर रस्ता पुलावरच्या पाण्याने बंद पडला, भोयगावचा रस्ताही बंद. सिमेंट भरलेले ट्रक जिथल्या तिथे उभे. त्यांचे चालक कोणी उत्तर प्रदेशातले, कोणी पंजाबातले, कोणी तेलंगणातले. पहिला दिवस धाब्यावर निघाला, मग धाब्यावरचं पीठ संपलं.

काकूंनी कोणाला विचारलं नाही. महिला मंडळाच्या चार बायका जमवल्या, समाजमंदिरातली भजनाच्या वेळची मोठी कढई काढली, आणि देवाचे डबे उघडले. बिस्किटांच्या डब्यातली भगर, दुसऱ्याच कुठल्या डब्यातलं तूप (तुपाच्या डब्यात सुया होत्या), सगळ्या घरांतला उरलेला साबुदाणा. अभियंता भाचा तेव्हा पुण्याहून फोनवर विचारत होता की साठा किती दिवस पुरेल. ‘पुरते तेवढे दिवस पुरंल नं,’ असं सांगून काकूंनी फोन कढईपासून लांब ठेवला. सकाळी खिचडी, संध्याकाळी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. चालकांनी पहिल्या दिवशी हात जोडून खाल्लं. दुसऱ्या दिवशी एक सरदारजी जरा अदबीने विचारू लागले, ‘माताजी, आज भी व्रत है?’ काकू म्हणाल्या, ‘हो बापा, पुलाचं.’

तिसऱ्या दिवशी मंडळींनी गव्हाचं पिंप फोडलं, पोळ्या लाटल्या, वरण केलं, वाळवणातल्या मुगाच्या वड्यांची भाजी केली, वर कुरडया तळल्या. तृप्त होऊन जेवता जेवता त्या सरदारजींनी एवढंच मागितलं, ‘माताजी, थोडा प्याज मिलेगा?’

पंगतीत वाढणाऱ्या चारही बायका थांबल्या. पुराचं पाणी दोन्ही पुलांवर होतं, रस्ते बंद होते, वीज नव्हती, पण चातुर्मास लागलेला होता. काकूंनी त्यांच्या पानात आणखी एक कुरडई वाढली आणि म्हणाल्या, ‘भेटंल नं बापा. कार्तिकी एकादशी झाली का ये.’